शेवटचा ‘ना’ गाळून विचारा

“तू तसलं काही करणार नाहीस ना?” प्रश्न मायेचाच असतो, पण त्यातल्या शेवटच्या ‘ना’ने उत्तर आधीच ठरवून टाकलेलं असतं. समोरचा “छे रे” म्हणतो, आपल्याला हायसं वाटतं आणि तो पुन्हा एकटा उरतो.

मित्र हल्ली फोन उचलत नाही, रात्र-रात्र जागतो, “माझी सगळ्यांना अडचणच आहे” म्हणतो, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकतो. अशा वेळी सरळ विचारावं: “तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?” विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. उलट, जे बोलायची चोरी होती ते कुणीतरी बोललं, म्हणून अनेकांना मोकळं वाटतं.

आणि उत्तर “हो” आलं तर? ऐकायचं. हेच अवघड, कारण आपल्याकडे धीर देणं म्हणजे भाषण देणं. “आईवडिलांचा तरी विचार कर” हे त्यातलं लाडकं वाक्य. ज्याला आपण घराला ओझं झालोय असं वाटतंय, त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं! त्यापेक्षा पुढचं विचारा: काही ठरवलंयस का? कधी? साधन हाताशी आहे का? असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका आणि ते साधन तिथून हलवा. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे हवी. अनावर झालेली घडी बहुतेकदा ओसरते. तेवढा वेळ मिळवायचा असतो. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, तेव्हा १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं.

“गळ्याची शपथ, कुणाला सांगायचं नाही.” ही शपथ मोडायचीच. मैत्री रुसेल, पण रुसायला मित्र तरी असेल. घरातलं एखादं समंजस माणूस आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघांनाही सामील करून घ्या. पोलिसांच्या धाकाने दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. तिला शिक्षा नव्हे, उपचार मिळावेत हे सरकारचं कर्तव्य आहे.

जीव धोक्यात असेल तर ११२. एरवी ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मित्र तयार नसेल, तर त्याच्या काळजीपोटी तुम्ही स्वतःही तिथे फोन करू शकता.