मेचं ऊन सप्टेंबरात

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की कूलरची टाकी दुपारी चारपर्यंत कोरडी पडते. हीच उष्णता जमिनीत मात्र ताशी दीड मिलिमीटरही उतरत नाही. महिन्याकाठी जेमतेम एक मीटर! पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारात चार मीटर खाली मेचं ऊन पोचेपर्यंत सप्टेंबर उजाडतो, आणि वाटेत त्याचा जोर सातव्या हिश्श्यावर येतो. तिथे बाराही महिने तापमान २८ अंशांच्या आसपास. इमारती गार ठेवायला हे कामी येईल.

अमरावती जिल्ह्यात सालबर्डीला गरम पाण्याचे झरे आहेत, म्हणून पृथ्वीच्या पोटातल्या आगीवर इमारती चालवू, असं कुणी म्हणेल. पण जमिनीतून वर येणारी उष्णता हेक्टरी सरासरी ६५० वॅट, म्हणजे आठ-नऊ पंख्यांपुरती. त्याच हेक्टरावर भर दुपारचं ऊन पडतं एक कोटी वॅट. इमारतीच्या कामी येते ती जमिनीची साठवण. एक हेक्टर माती दहा मीटर खोलीपर्यंत फक्त एका अंशाने तापवायला सुमारे ७० हजार युनिट उष्णता लागते.

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बॉल स्टेट विद्यापीठाने जमिनीचं हे पेव मोठ्या प्रमाणावर वापरलं. २००९ पासून तिथे सुमारे ३,६०० बोअर पाडले. प्रत्येकी ४०० फूट धरले तरी एकूण खोली ४३९ किलोमीटर. रेल्वेने अकोला ते इगतपुरी जवळपास एवढंच. त्यावर ४७ इमारती चालतात, कोळशाचे चार बॉयलर बंद करता आले.

वऱ्हाडात हे जसंच्या तसं उचलू नये. इंडियानात उन्हाळ्यात जमिनीत ढकललेली उष्णता हिवाळ्यात खोल्या उबदार ठेवायला परत काढतात. आपल्याकडे ती काढणार कोण? दरवर्षी नुसती भरतच राहिली तर जमीनच हळूहळू तापेल. शिवाय पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात खारं पाणी धातूच्या नळ्या खातं, आणि काळी माती उन्हाळ्यात भेगाळून पावसाळ्यात फुगते.

त्यापेक्षा गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेने केलेला साधा उपाय मला पटतो. चार मीटर खोलीवर सत्तर-सत्तर मीटरचे चार बोगदे. बाहेरची हवा त्यातून फिरून खोल्यांत येते. डिसेंबरच्या रात्री बोगद्यांचे पंखे चालू ठेवले, तर बोगद्याभोवतीची माती पुढच्या मेसाठी गार होऊन बसेल. अकोला-अमरावतीच्या वसतिगृहांना एवढं पुरे: बाहेर ४५, बोगद्याभोवती २८, म्हणजे १७ अंशांची तफावत.