सुशी घरी करा, पण मासा शिजवून!

पुण्याला शिकणारी माझी पुतणी मे महिन्याच्या सुट्टीत बीडला आली, ती नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचे वाळवलेले काळे कागद घेऊनच. 'काका, आज रात्री सुशी करणार,' असे तिने जाहीर केले. धाकट्या भावाने माजलगाव धरणातला ताजा रोहूही आणून दिला. तो कच्चाच कापून भातात गुंडाळायचा बेत कानावर आला आणि मी हातातले वर्तमानपत्र टाकून स्वयंपाकघर गाठले.

'जपानी लोक नाही का कच्चा खात?' पुतणीने विचारले. प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर येथे देतो.

सुशी म्हणजे कच्चा मासा, हा गैरसमज आहे. सुशीची ओळख आहे आंबट भात. जुन्या काळी जपानात खारवलेला मासा भातात दाबून महिनोन् महिने ठेवत. भात आंबे आणि त्या आंबटपणाने मासा टिके. पुढे आंबवण्याऐवजी भातात व्हिनेगर घालू लागले.

तेथे कच्चा खातात तो मुख्यतः समुद्रातला मासा. नदी-धरणांतल्या माशांत पट्टकृमी, यकृतातले कृमी अशा परजीवींची पिल्ले असू शकतात. ती डोळ्यांना दिसतीलच असे नाही आणि लिंबाने किंवा व्हिनेगरने मरत नाहीत. मासा उणे २० अंश सेल्सिअसला सलग ७ दिवस गोठवला तर परजीवी मरतात, पण जंतू मरतातच असे नाही. शिवाय आपल्या घरचा फ्रीज, त्यात वीज जाणार. त्यावर भरवसा ठेवू नये. मासा ताजा आहे म्हणजे तो कच्चा खाण्याजोगा आहे, असे नव्हे.

अखेर रोहूला हळद-मीठ लावून तो तव्यावर चांगला शिजवला आणि काटे काढले. शाकाहारी मंडळींसाठी काकडी, गाजर व पनीरच्या लांब कांड्या कापल्या. भातासाठी मावळातला इंद्रायणी घेतला, कारण तो चिकट होतो. दोन वाट्या तांदळाच्या गरम भातात तीन मोठे चमचे व्हिनेगर, दोन लहान चमचे साखर व एक लहान चमचा मीठ हलक्या हाताने मिसळले. भात कोमट झाल्यावर ओल्या हाताने कागदावर पातळ पसरला, पलीकडची बोटभर कड मोकळी सोडली, मध्ये सारण ठेवले आणि स्वच्छ फडक्याच्या आधाराने घट्ट गुंडाळी केली. अळूवडी वळणाऱ्या हाताला हे अवघड नाही. सुरी ओली करून काप पाडावेत.

जेवणानंतर सात-आठ काप उरले. 'सकाळी न्याहारीला होतील, ठेवा झाकून,' आई म्हणाली. येथे मला दुसऱ्यांदा आडवे यावे लागले. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे शिजवूनही जिवंत राहतात. उन्हाळ्याच्या रात्री भात बाहेर राहिला, की ते वाढून विष तयार करतात. एकदा ते तयार झाले, की भात पुन्हा गरम करूनही जात नाही; मग उलट्या होतात. घरी अंदाजाने घातलेले व्हिनेगर पुरेल याची खात्री नाही. उन्हाळ्यात असे पदार्थ तासाभरात संपवावेत आणि माणसे मोजूनच तांदूळ घ्यावा.

रक्तदाबाच्या रुग्णांनी सोया सॉसपासून जपावे. त्याच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते आणि दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमची आहे. मधुमेहींनी दोन-तीन काप चाखावेत, पोट कोशिंबिरीने भरावे.

नवा पदार्थ मुलांना जरूर करू द्या. फक्त चुलीची पायरी गाळू देऊ नका.