लेखणीचे श्रम आणि कॉपीराइट

आपल्या जलशांत आणि शाहिरीत एक जुनी रीत आहे. गीताच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. ज्याच्यापाशी छापखाना नव्हता, प्रकाशक नव्हता, त्याची ती सही होती. परंतु गाणे गावोगाव गेले की कधी ते कडवे गळते, कधी त्या नावाच्या जागी दुसरेच नाव बसते. ज्या समाजाकडून पिढ्यान्‌पिढ्या वेठ घेतली गेली, त्याच्या कवीकडून शब्दांचीही वेठ घेतली जावी, ही किरकोळ बाब मानता येणार नाही. म्हणून कॉपीराइटचा कायदा आपण समजून घेतला पाहिजे.

हा कायदा १९५७ चा असून २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. नोंदणी केल्याशिवाय हक्क मिळत नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. कविता कागदावर उतरली की हक्क निर्माण होतो. नोंदणी केल्यास वादप्रसंगी पुरावा म्हणून ती उपयोगी पडते, इतकेच. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो; १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे.

कायदा विषयाचे रक्षण करीत नाही, मांडणीचे करतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ साली हे स्पष्ट केले. गावकुसाबाहेरचे जगणे ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे; त्यावर कोणीही लिहावे. पण त्यावर तुम्ही लिहिलेली वाक्ये तुमची आहेत. येथेच कायद्याची मर्यादाही दिसते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आजीच्या ओवीला तो मालक मानीत नाही. तेव्हा ओव्या गोळा करणाऱ्याने गाणारीचे नाव आणि गाव लिहिणे, ही जबाबदारी कायद्याची नसली तरी आपली आहे.

खरी फसगत होते ती करारात. एकरकमी मानधनाच्या पावतीवर ‘सर्व हक्क’ असे दोन शब्द असतात आणि गरजेपोटी लेखक सही करतो. हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशीच व्हावे लागते, तोंडी बोलण्याने नव्हे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. म्हणून कोणता हक्क, किती वर्षांसाठी आणि किती मोबदल्यात, हे वाचल्याशिवाय सही करू नये. भाषांतराचा, नाट्यरूपांतराचा व चित्रपटाचा हक्क वेगवेगळा देता येतो. गीतकारांसाठी २०१२ ची दुरुस्ती महत्त्वाची आहे. ध्वनिमुद्रित गीताच्या रॉयल्टीतील त्यांचा वाटा आता निर्मात्याला लिहून घेता येत नाही.

आणि सर्व हक्क विकल्यावरही एक गोष्ट लेखकापाशी उरते. कलम ५७ नुसार कृती आपली आहे हे सांगण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशी तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार त्याला आहे. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ कादंबरीवरील चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली या अधिकाराचे महत्त्व मान्य केले.

यावर एक कार्यकर्ता विचारील : चळवळीचे गाणे सर्वांचे, मग त्याला कुंपण कशाला? प्रश्न रास्त आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता गाणे सादर करावे, याला कायद्याचीही हरकत नाही. कवीला आपले लेखन सर्वांसाठी खुले करायचे असेल, तर तेही त्याला करता येते. परंतु ते त्याने द्यायचे असते, इतरांनी परस्पर घ्यायचे नसते. तेव्हा आपल्या पुढच्या जयंतीच्या कार्यक्रमात गाणे म्हणण्यापूर्वी ते कोणाचे आहे, हे शोधावे आणि त्याचे नाव घ्यावे. सुरुवात तेथूनच करता येईल.