सड्यावरची दीपकाडी



आपल्यापैकी जी कुटुंबे पूर्वजांचे गाव पाहण्यासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जातात, ती बहुधा डिसेंबरच्या शाळेच्या सुटीत जातात. परत आल्यावर ती सांगतात, "गाव सुंदर आहे, माड आहेत, आंबे आहेत, पण वरचा सडा मात्र अगदी ओसाड. नुसता काळा दगड!" आम्हीही पुष्कळ वर्षे हेच सांगत आलो. एकदा मात्र आमचे जाणे ऑगस्टच्या सुटीत घडले, आणि आमचे मत पार बदलले.

सडा म्हणजे गावाच्या माथ्यावरचे जांभ्या दगडाचे सपाट पठार. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बाकीचे महिने हा कातळ उन्हात तापत असतो. पाऊस सुरू झाला की कातळावरच्या लहान-मोठ्या खळग्यांत पाणी साचते, वीतभरही खोल नसलेल्या मातीत गवत उगवते, आणि मग फुलांच्या जाती एकीमागून एक फुलू लागतात. सीतेची आसवे, गेंद, किडे पकडून खाणारा दवबिंदू, असे कितीतरी प्रकार आम्ही त्या एका सकाळी पाहिले.

त्यांतच एक कोकणची रानलिली होती. तिचे नाव दीपकाडी. पाने गवतासारखी अरुंद, त्यांतून वर आलेला एक दांडा आणि त्यावर मोजकी पांढरी फुले. डॅलझेल नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि कोकणावरून तिचे नाव ठेवले. जुन्या पुस्तकांत ती लिलीच्या कुळात दिसते. आताचे शास्त्रज्ञ तिला शतावरीच्या कुळात घालतात. मुख्यत्वे कोकण-गोव्याच्या सड्यांवर ती वाढते, आणि भारताबाहेर कुठेही नाही. पाऊस सरला की तिची पाने वाळून जातात. खाली मातीत राहतो तो एक लहानसा कांदा. डिसेंबरात आपण त्याच्यावरून चालत जातो आणि म्हणतो, इथे काही नाही!

हा गैरसमज केवळ पाहुण्यांचा नाही. जमिनीच्या सरकारी उताऱ्यात अशा जागेची नोंद पुष्कळदा 'पोटखराब' म्हणून, म्हणजे पिकाला निरुपयोगी म्हणून, होते. जे निरुपयोगी ते तोडायला हरकत कोण घेणार? घाटावरचे कास पठार राखीव वनात आहे आणि २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाचा ते भाग आहे. कोकणातल्या सड्यांची बरीचशी जमीन मात्र खासगी मालकीची आहे. तिथे चिऱ्यांच्या खाणी निघतात, सुरुंग लावून आंबा-काजूच्या बागा होतात, रस्ते आणि घरे होतात. कातळ एकदा कापला की त्यावरचा मातीचा पातळ थर जातो, आणि त्याबरोबर कांदेही जातात. तो थर पुन्हा घालता येत नाही.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकांच्या घरी हाच प्रश्न होता. मुलीच्या कॉलेजच्या खर्चासाठी सड्याचा एक तुकडा चिरेखाणीला द्यावा काय, असा विचार चालला होता. आम्ही फुलाचे कौतुक करू लागलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, फूल छानच आहे हो. पण त्याने फी भरता येते का?" आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही. विमानाने येऊन दोन आठवडे राहणाऱ्याने त्यांना उपदेश करावा, हे बरे नव्हे.

उत्तर दिले ते काकूंनी. "वरचा सडा फोडलात तर खालच्या विहिरीचं काय?" जांभा दगड सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेले पाणी त्यातून हळूहळू झिरपते आणि पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. ज्या कातळाने दीपकाडी जगते, त्याच कातळावर गावाचे पाणीही अवलंबून आहे. काकांनी निर्णय पुढे ढकलला. पुढे काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही.

आपण बेटावरच्या लोकांनी तरी या गोष्टीकडे दुरून पाहू नये. मॉरिशसचे मूळ जंगल चांगल्या स्थितीत आज दोन टक्केही उरलेले नाही. पण आपल्याकडचीच दुसरी गोष्टही आठवावी. १९८० साली रॉड्रिग्स बेटावर एका शिक्षकाने वर्गाला स्थानिक झाडांविषयी शिकवले, आणि एका विद्यार्थ्याने नष्ट झाले असे समजले गेलेल्या 'काफे मारों'ची फांदी आणून दाखवली. रानात तेवढे एकच झाड उरले होते. त्याची कलमे ब्रिटनच्या क्यू उद्यानात वाढवली गेली, आणि पुढे रोपे पुन्हा बेटावर आली. एका मुलाने नीट पाहिले म्हणून हे झाले.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. जमल्यास एकदा पावसाळ्यात पूर्वजांच्या गावी जावे आणि मुलांना सड्यावर न्यावे. फूल पाहावे, पण आठवण म्हणून कांदा उपटून आणू नये. परकी झाडे बेटावर आली की काय होते, हे आपल्या रानातल्या चिनी पेरूने दाखवलेच आहे. आणि तिथले नातलग सड्याविषयी बोलू लागले, तर निदान 'ओसाड' हा शब्द आपल्या तोंडून निघू नये.