सोल गाणी कशी ऐकावीत?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीतापैकी जॅझचं नाव आपल्याकडे पुष्कळांच्या कानांवर असतं. ‘सोल’ या प्रकाराची ओळख मात्र थोड्यांनाच आहे. सोल म्हणजे आत्मा. नावावरून ही अध्यात्माची गाणी असावीत असं वाटेल. तसं नाही, ती बहुतेक प्रेमाची, विरहाची, रोजच्या जगण्याची गाणी आहेत. पण त्यांचं मूळ चर्चमध्ये आहे.

कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ‘गॉस्पेल’ नावाची भक्तिगीतं गातात. मुख्य गायक एक ओळ म्हणतो, बाकीचे तिला उत्तर देतात, आणि टाळ्यांचा ठेका चालू राहतो. आपल्या भजनात बुवांनी चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी तो उचलावा, तसंच काहीसं. फरक एवढाच, की तिथे उत्तरात पुष्कळदा निराळे शब्द येतात. १९५४ साली रे चार्ल्स या अंध गायकाने याच घाटात एक प्रेमगीत बसवलं : ‘आय गॉट अ वूमन’. भक्तीचा सूर संसाराकडे वळवला म्हणून कित्येक धर्मशील मंडळी रागावली. पण सोलची वाट इथेच पडली. नवख्या श्रोत्याने आरंभ इथून करावा.

आता दुसरं गाणं. सॅम कूक हा पूर्वी गॉस्पेलच गात असे. १९६३ च्या ऑक्टोबरात लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे एका मोटेलमध्ये त्याला सपत्नीक खोली नाकारण्यात आली. वर शांतताभंगाच्या आरोपावरून अटकही झाली. नाव होतं, पैसा होता. आड आला तो रंग. पुढल्या जानेवारीत त्याने ‘अ चेंज इज गॉना कम’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. ‘बदल येणार आहे’ असा या नावाचा अर्थ. मागे तंतुवाद्यांचा मोठा ताफा आहे, पण आवाजात आक्रस्ताळेपणा नाही. जुलै १९६४ मध्ये हॉटेलांतील असा भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा झाला. डिसेंबरच्या ११ तारखेला गोळी लागून कूकचा अंत झाला, आणि त्याच महिन्यात गाण्याची स्वतंत्र तबकडी निघाली. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने हे गाणं आपलं मानलं.

तिसरं गाणं दोनदा ऐकावं, दोन गळ्यांतून. ‘रिस्पेक्ट’, म्हणजे मान. १९६५ साली ओटिस रेडिंगने ते लिहिलं आणि गायलं. त्यात राबून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. दोन वर्षांनी अरीथा फ्रँकलिनने तेच गाणं घेतलं. ही डेट्रॉइटच्या एका धर्मोपदेशकाची मुलगी. गळा चर्चमध्ये तयार झालेला. मान मागणारी आता बाई झाली, आणि गाण्याचा अर्थच पालटला! तिने ‘रिस्पेक्ट’ या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून ठासून म्हटलं. रेडिंगच्या गाण्यात ते नव्हतं. मागून उत्तर देणाऱ्या तिच्या सख्ख्या बहिणी आहेत. चर्चमधली सवाल-जबाबाची रीत इथे घरातल्या हक्काच्या मागणीसाठी उभी राहिली. कृष्णवर्णीयांनी आणि स्त्रियांनी, दोघांनीही हे गाणं उचललं ते यामुळेच.

ही दोन गाणी जरा जड वाटली, तर डेट्रॉइटच्याच मोटाउन कंपनीकडे वळावं. मोटारीच्या कारखान्यात काम केलेल्या बेरी गॉर्डी यांनी घरच्यांकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन १९५९ साली हा उद्योग मांडला. टेम्प्टेशन्स या चमूचं ‘माय गर्ल’ ऐका. आरंभी नुसती बेस गिटार वाजते. तेवढ्यानेच मन प्रसन्न होतं.

शेवटी पुन्हा रेडिंग. ‘डॉक ऑफ द बे’ या गाण्यात बंदराच्या धक्क्यावर रिकामा बसलेला माणूस आहे. गाणं संपता संपता शब्द थांबतात आणि तो शीळ घालतो. मुद्रण झाल्यावर थोड्याच दिवसांत, १० डिसेंबर १९६७ रोजी, विमान अपघातात रेडिंग गेला. वय अवघं २६.

इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत तरी अडू नये. पहिल्या वेळी मुख्य गळा ऐकावा, दुसऱ्या वेळी मागून येणारी उत्तरं, तिसऱ्या वेळी ठेका. शब्द मग चौथ्या वेळी पाहावेत. तोवर गाण्याने आपलं म्हणणं बरंचसं सांगून टाकलेलं असतं.