भाड्याच्या जागेंत पैसा घालण्यापूर्वीं

रस्त्याच्या रुंदीकरणांत जमीन गेली व मोबदल्याची रक्कम एकदम हातीं आली, म्हणजे तालुक्याच्या गांवीं एखादा गाळा किंवा दोन खोल्या घेऊन भाड्यानें द्याव्या, असा विचार आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत येतो. विचार वाईट नाहीं. परंतु शेत जाऊन आलेला हा पैसा दुसऱ्यांदा येत नाहीं. म्हणून महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां जें आम्हीं पाहिलें व घरीं जें सोसलें, त्यावरून दोन गोष्टी सांगतों.

प्रथम आंकडा. समजा, गाळ्याची किंमत २० लक्ष व मुद्रांक-नोंदणीचा खर्च दीड लक्ष आहे. भाडें दरमहा ८,००० रुपये, म्हणजे सालाचे ९६,०००. विकणारा एवढेंच सांगतो. त्यांतून एक महिना गाळा रिकामा राहील असें धरून ८,०००, घरपट्टीचे ६,००० व डागडुजीचे १०,००० वजा घालावे. बाकी ७२,००० राहिले. साडेएकवीस लक्षांवर हें दरसाल दरशेंकडा साडेतीनही पडत नाहीं. ठेवीच्या व्याजाशीं हा आंकडा ताडून पाहावा. जागेची किंमत पुढें वाढेल ही आशा निराळी मांडावी, भाड्यांत मिसळूं नये. शिवाय हें उत्पन्न शेतीचें नसल्यामुळें आयकराच्या हिशेबांत येतें. मात्र भरलेली घरपट्टी वजा जातां उरलेल्या रकमेंतून शेंकडा ३० सूट मिळते.

घरपट्टीची पावती अथवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून ‘मालकी साफ आहे’ असें सांगणारे फार. हे कागद कर-आकारणीचे. त्यांनीं मालकी सिद्ध होत नाहीं. मिळकत पत्रिका अथवा सातबारा पाहावा, बिनशेती आदेश व बांधकामाची परवानगी मागावी आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरींत ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. सातबाऱ्यावरील नांव वाचून उतारा घडी घालणारे लोक आम्हीं नित्य पाहिले. बोजा व इतर भानगडी ‘इतर हक्क’ ह्या रकान्यांत असतात, आणि तोच कोणी वाचीत नाहीं.

आतां करार. आमच्या जुन्या घराच्या दोन खोल्या आम्हीं एका परिचितास वर्षभराच्या बोलीवर दिल्या. माणूस ओळखीचा, कागद कशाला, असें वाटलें. (कारकुनानें असें म्हणावें, हें नवलच!) तीन वर्षांनीं खोल्या मागितल्या, तेव्हां ‘आम्ही कायमचे भाडेकरू, मुदत ठरलीच नव्हती’ असें उत्तर आलें. अखेर पदरचे पैसे देऊन जागा सोडवून घ्यावी लागली.

कायदा असा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथें लागू आहे तेथें कलम ५५ अन्वयें करार लेखी व नोंदलेला पाहिजे, आणि नोंदविण्याची जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाहीं हा समज म्हणून येथें उपयोगी नाहीं.

राहण्यासाठीं जागा देतांना ‘लीव्ह अँड लायसन्स’ चा करार करावा. मुद्रांक एकूण भाड्यावर शेंकडा पाव रुपया पडतो. परत करावयाची अनामत घेतल्यास तिचें व्याजही हिशेबांत धरतात. मुदत संपूनही कोणी न निघाल्यास कलम २४ अन्वयें सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो, व दुप्पट दरानें भरपाई मागतां येते. ही वाट राहण्याच्या जागेपुरतीच आहे. दुकानाच्या गाळ्याचा तंटा दिवाणी न्यायालयांतच लढावा लागतो. म्हणून पहिल्यानेंच घेणारानें गाळ्यापेक्षां खोल्या पाहाव्या, असें आमचें मत आहे.

१९७३ सालीं जुन्या मुंबई भाडे कायद्यांत दुरुस्ती होऊन त्या वर्षीं १ फेब्रुवारीस चालू करारानें राहणारे परवानाधारक भाडेकरू ठरले. कायदा पालटतो, तेव्हां एकाच माणसास वर्षानुवर्षें ठेवतांना हें ध्यानांत असूं द्यावें.

जागा ताब्यांत देतांना पंखे, नळ, दारांच्या किल्ल्या व विजेच्या मीटरचा आंकडा करारासच जोडून दोघांच्या सह्या घ्याव्या. निघतांना अनामत रकमेवरून होणारी बहुतेक कुरबूर ह्याच यादीवांचून होते.