येईनासे झालेले रुग्ण

समजा, कर्करोगावर उपचार घेतलेल्या १० रुग्णांची तुम्ही नोंद ठेवली आहे. पहिल्या वर्षी २ रुग्ण दगावले, ८ उरले. वर्ष संपताच त्यांपैकी ३ जण तपासणीला येईनासे झाले. कोणी गाव सोडले, कोणाचे पत्राला उत्तर नाही. राहिलेल्या ५ जणांपैकी १ रुग्ण दुसऱ्या वर्षी दगावला. तर मग दोन वर्षे जगण्याचे प्रमाण किती?

येईनासे झालेले तिघे वारले असे धरले, तर उत्तर ४० टक्के. जिवंत धरले, तर ७० टक्के. त्यांची नावेच खोडली, तर ७ पैकी ४, म्हणजे सुमारे ५७ टक्के. तिन्ही वाटा चुकीच्या! पहिल्या दोन वाटांनी जाताना ठाऊक नसलेले आपण ठाऊक आहे असे मानतो. तिसरीत ठाऊक असलेलेच फेकून देतो. ते तिघे निदान एक वर्ष जगले, हे तर पक्के आहे.

अमेरिकेत पॉल मायर कर्करुग्णांच्या आयुर्मानाचा, तर एडवर्ड कॅप्लन समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधील निर्वात नळ्यांच्या आयुष्याचा विचार करीत होते. गणित एकच! दोघांनी मिळून १९५८ साली ते प्रसिद्ध केले.

त्यातली युक्ती अशी : काळाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यात जेवढे रुग्ण नजरेखाली आहेत तेवढेच मोजा. पहिले वर्ष पार करणारे १० पैकी ८, म्हणजे ०.८. येथे त्या तिघांचीही साक्ष घेतली गेली. दुसरे वर्ष पार करणारे ५ पैकी ४, म्हणजे पुन्हा ०.८. दोन वर्षे जगायचे तर दोन्ही टप्पे ओलांडायला हवेत. म्हणून गुणाकार करा. ०.८ × ०.८ = ०.६४, म्हणजे ६४ टक्के. प्रत्यक्षात प्रत्येक मृत्यूच्या वेळी असा अपूर्णांक काढतात. त्यामुळे आलेख उतरत्या पायऱ्यांसारखा दिसतो.

मात्र एक अट आहे. येईनासे झालेल्यांची प्रकृती इतरांसारखीच असली पाहिजे. ती खालावल्यामुळेच ते आले नसतील, तर आपला आकडा खोटी आशा दाखवील. म्हणून गुणाकाराआधी त्या तिघांचा शोध घेणे महत्त्वाचे. शिवाय ६४ टक्के हे समूहाचे प्रमाण आहे. एखाद्या रुग्णाचे भविष्य नव्हे.

आता तुम्ही सांगा : तिसऱ्या वर्षी उरलेल्या ४ जणांपैकी १ दगावला, तर तीन वर्षे जगण्याचे प्रमाण किती? (उत्तर : ४८ टक्के.)